पाच माणसं, तीन उत्तरं : अमेरिकेतलं एखादं राज्य स्वतःचा आरोग्य विम्याचा बाजार कसा उभारतं?

आमच्या टेस्टिंगच्या यादीत एक कुटुंब होतं. खरं नाही, कागदावरचं. नवऱ्याचा छोटासा केटरिंगचा धंदा, बायको शाळेत नोकरीला, अमेरिकेत जन्मलेली दोन मुलं, आणि दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आलेली ६७ वर्षांची आजी. सगळे एका छपराखाली, एकाच टॅक्स रिटर्नवर. त्यांच्या वतीने आम्ही अर्ज भरायचो आणि कुणाला कुठला विमा, किती मदत याचं राज्याच्या विमा बाजाराची प्रणाली बरोबर उत्तर देते का ते बघायचो.

बरोबर उत्तर असं होतं. बायकोला शाळेकडून परवडणारा विमा मिळतोय, म्हणून तिला सरकारी मदत नाही. शाळेच्या विम्यात सगळं घर घालायचं तर हप्ता परवडत नाही, म्हणून नवऱ्याने बाजारातून विमा घ्यावा आणि त्याला हप्त्यात मदत मिळावी. मुलं 'चिप' या मुलांसाठीच्या सरकारी योजनेत. आजीचं वय ६५च्या वर असलं तरी तिला वृद्धांसाठीचं मेडिकेअर नाही, कारण तिने इथे कधी नोकरी केलेली नाही आणि पैसे भरून मेडिकेअर घ्यायचं तरी देशात सलग ५ वर्षं राहिलेलं असावं लागतं. गरिबांसाठीच्या मेडिकेडलाही बहुतेक नव्या ग्रीन कार्डधारकांसाठी तीच ५ वर्षांची अट. त्यामुळे आजीसुद्धा बाजारात, मदतीसह. पाच माणसं, अर्ज एक, उत्तरं तीन. शिवाय नवऱ्याबद्दलचा नियम २०२३ पासून बदललेला. त्याआधी याच माणसाला 'मदत नाही' हेच बरोबर उत्तर होतं.

अशा शेकडो कागदी कुटुंबांवर मी काही वर्षं काम केलं. 'अमुक राज्याने स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स मार्केटप्लेस सुरू केला' अशी बातमी आली की लोकांच्या डोळ्यांसमोर एक वेबसाइट येते. माझ्या डोळ्यांसमोर ती आजी येते. हे सगळं काय प्रकरण आहे ते नीट सांगावं असं बरेच दिवस मनात होतं. आपल्यातले कितीतरी जण या प्रणाली बांधायला आहेत, आणि कितीतरी जणांचे आई-बाबा त्यातून विमा घेतात.

आधी बाजार म्हणजे काय ते पाहू. लासलगावची बाजार समिती आठवा. समिती स्वतः कांदा पिकवत नाही आणि विकतही नाही. ती आवार देते, माल तपासते, वजनमापाला शिस्त लावते, लिलाव सगळ्यांसमोर होईल हे बघते, अडत्याला परवाना देते आणि व्यवहारावर सेस घेते. अमेरिकेतला विमा बाजार ढोबळमानाने असाच आहे. विमा खाजगी कंपन्यांचा. कोणत्या प्लॅनला आवारात जागा द्यायची, त्यात काय असलंच पाहिजे, तो गिऱ्हाइकाला कसा दाखवायचा आणि कोणाला हप्त्यात किती सूट, हे बाजार बघतो. विकल्या गेलेल्या विम्याच्या हप्त्यावर ठरावीक टक्के फी घेऊन तो आपला खर्च भागवतो. आपल्याकडच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी याची गल्लत करू नये. तिथे लाभार्थी हप्ता भरत नाही. इथे माणूस स्वतः विमा विकत घेतो आणि सरकार त्याच्या हप्त्याचा काही भाग उचलतं.

हा प्रकार देशभर आला तो २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी सही केलेल्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमुळे. कल्पना त्याआधीची. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ मध्ये, मिट रॉम्नी गव्हर्नर असताना, असा बाजार उभारला होता. नव्या कायद्याने प्रत्येक राज्याला सांगितलं की तुमचा बाजार तुम्ही उभारा, नाहीतर केंद्र सरकार तुमच्यासाठी चालवेल. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सगळीकडे एकदम दारं उघडली. केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्हवर पहिल्या दिवशी लाखो लोक येऊन धडकले, आणि प्रत्यक्ष विमा घेऊन बाहेर पडले सहा जण. सहा लाख नव्हे, सहा माणसं.

ती फजिती जगभर गाजली. काही राज्यांचे हाल त्याहून वाईट झाले, ते तितकं कोणी लक्षात ठेवलं नाही. मला ती प्रकरणं महत्त्वाची वाटतात, कारण आज एखादं राज्य नवा बाजार उभारताना जे काही शहाणपण दाखवतं ते तिथूनच आलेलं आहे.

ओरेगनचंच पाहा. 'कव्हर ओरेगन' या बाजाराची महत्त्वाकांक्षा मोठी होती. विम्याबरोबर राज्याच्या इतर मदत योजनांचा कारभारही एकाच नव्या प्रणालीत आणायचा होता. सॉफ्टवेअर ओरॅकलचं. वेगवेगळे तुकडे एकत्र बसवण्याची जबाबदारी एका मुख्य कंत्राटदारावर टाकायची सोडून राज्याने ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. उद्घाटनाचा दिवस आला, पण सामान्य माणसाला ऑनलाइन अर्ज सुरू करून विमा हातात पडेपर्यंत जाता येईल अशी साइट उभीच राहिली नाही. शेकडो माणसं नेमून कागदी अर्ज हाताने भरावे लागले. केंद्राचं सुमारे ३० कोटी डॉलरचं अनुदान या प्रकल्पावर लागलं होतं. शेवटी राज्याने २०१५ सालच्या विम्यासाठी केंद्राच्या साइटचा आसरा घेतला. राज्य आणि कंपनी एकमेकांना दोष देत कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये तडजोड झाली.

मेरीलँडची साइटही पहिल्याच दिवशी कोसळली. त्यांनी मात्र वर्षभरात एक समजूतदार गोष्ट केली. कनेटिकट राज्याची प्रणाली चांगली चालली होती, तिचाच कोड आणून आपल्याकडे बसवला. नेवाडाने पहिली प्रणाली २०१४ मध्ये मोडीत काढली, नोंदणीचे पाच हंगाम केंद्राच्या साइटवर काढले आणि २०१९च्या शरद ऋतूत परत स्वतःचा बाजार उघडला. या वेळी दुसऱ्या राज्यांत वापरून घासून-पुसून झालेलं तयार सॉफ्टवेअर घेऊन. आयडाहो पहिल्यापासूनच सावध होता. पहिलं वर्ष केंद्राची साइट वापरली, तेवढ्यात आपली तयार केली आणि २०१४च्या शेवटी ती निवांत सुरू झाली.

केंटकीची कथा निराळी. 'कायनेक्ट' नावाचा त्यांचा बाजार पहिल्या दिवसापासून उत्तम चालला. गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी तो विधिमंडळाच्या कायद्याने नाही, स्वतःच्या आदेशाने उभारला होता. पुढचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी तो बंद केला आणि २०१७ सालासाठी लोक केंद्राच्या साइटवर गेले. मग स्टीव्ह यांचे चिरंजीव अँडी बेशिअर गव्हर्नर झाले आणि २०२२ सालासाठी कायनेक्ट परत आलं. चालू असलेली चांगली यंत्रणा निवडणुकीच्या निकालाने अशी पाडली जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून उभारणीची पहिली पायरी विधिमंडळातली असावी असं माझं ठाम मत आहे. पेनसिल्व्हेनियाने जुलै २०१९ मध्ये रीतसर कायदा केला, व्हर्जिनियाने २०२० मध्ये. बाजार एखाद्या खात्यात ठेवायचा की स्वतंत्र मंडळाकडे द्यायचा, मंडळावर कोण बसणार, पैसा कुठून येणार, हे सगळं त्या कायद्यात लिहिलेलं असतं.

राज्यापुढे तीन वाटा असतात. सगळं केंद्रावर सोडायचं, ही पहिली. दुसरी मधली : बाजार राज्याचा, प्लॅन राज्य निवडणार, प्रचार आणि मदतनीस राज्याचे, पण अर्ज आणि नोंदणीची साइट केंद्राची. तिसरी पूर्ण स्वतःची. २०२४ मध्ये केंद्राने नियमच केला की तिसऱ्या वाटेवर जायचं तर आधी निदान एक वर्ष मधल्या वाटेने चाला. आयडाहोला जे सुचलं होतं ते दहा वर्षांनी नियमात आलं, असं मी म्हणेन. पूर्ण आराखडा केंद्राच्या मेडिकेअर-मेडिकेड खात्याकडे आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

मग राज्यं या भानगडीत पडतात कशाला? पहिलं कारण पैसा. केंद्राची फी २०१४ पासून २०१९ पर्यंत हप्त्याच्या ३.५ टक्के होती. पेनसिल्व्हेनियातून केंद्राकडे वर्षाला ९ कोटी डॉलरच्या पुढे रक्कम जात होती, आणि स्वतःचा बाजार त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात चालेल असा राज्याचा अंदाज होता. उरलेला पैसा त्यांनी रीइन्शुरन्सकडे वळवला. म्हणजे एखाद्याचं बिल फार मोठं झालं की त्याचा काही भार सरकार उचलतं. विमा कंपनीची धास्ती कमी होते आणि सगळ्यांचाच हप्ता थोडा उतरतो. हे गणित कायमचं नाही, हेही सांगायला हवं. केंद्राने फी पुढे उतरवत नेली आणि २०२५ साठी ती १.५ टक्क्यांवर आली होती. छोट्या राज्याला स्वतःच्या बाजाराचा खर्च तेवढ्यात बसवणं जड जातं. कॉल सेंटर आणि सर्व्हरचा खर्च गिऱ्हाइकं कमी असली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही.

सुरुवातीचं भांडवल हा वेगळा प्रश्न. २०१४ पर्यंत केंद्राची उभारणीची अनुदानं होती, आता ती नाहीत. यावर राज्यांनी काढलेला तोडगा हुशारीचा आहे. २०२० साली पूर्ण केंद्रीय बाजाराची फी ३ टक्के होती आणि मधल्या वाटेवरच्या राज्यांना २.५ टक्के. राज्याने आपल्या फीचा दर केंद्राच्या दरापेक्षा जास्त ठेवायचा, केंद्राला त्याचं देऊन टाकायचं आणि मधल्या फरकातून पुढच्या वर्षीची तयारी करायची.

दुसरं कारण मोकळीक. कॅलिफोर्नियाने कंपन्यांशी घासाघीस करून प्लॅनचे साचे ठरवून दिले, म्हणजे दोन कंपन्यांचे सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाचे, प्लॅन शेजारी ठेवून खरंच तुलना करता येते. केंद्राने नोंदणीचा हंगाम, म्हणजे विमा घेण्याची दरवर्षीची मुदत, १५ डिसेंबरपर्यंत आखूड केला त्या वर्षांतही त्यांनी तो जानेवारीतही खुला ठेवला. आणि मला सगळ्यात आवडलेली कल्पना मेरीलँडची. २०२० पासून तिथल्या राज्याच्या टॅक्स रिटर्नवर एक चौकोन आहे. 'माझ्याकडे विमा नाही, मला काय मिळू शकतं ते बघा' अशा अर्थाची खूण करायची, की करखातं तुमची माहिती बाजाराकडे पाठवतं आणि तिथून तुम्हाला कळवलं जातं. माणूस तसाही वर्षातून एकदा रिटर्न भरतोच, तिथेच त्याला गाठायचं. हे केंद्राच्या साइटवर बसून करणं राज्याला सोपं गेलं नसतं.

आता यंत्राच्या पोटात जाऊ. सगळ्यात अवघड भाग म्हणजे पात्रता ठरवणारी प्रणाली. दुकानाचा दर्शनी भाग, म्हणजे प्लॅनची यादी आणि 'खरेदी करा'चं बटण, कोणीही बरी कंपनी काही महिन्यांत करून देईल. खरी मेहनत त्याच्या मागे आहे. अर्ज भरला की केंद्राच्या एका डेटा हबमार्फत चौकशा सुटतात. करखात्याला विचारायचं, गेल्या रिटर्नवर उत्पन्न किती? सोशल सिक्युरिटीला विचारायचं, हा नंबर याच माणसाचा का? होमलँड सिक्युरिटीला विचारायचं, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड चालू आहे का? उत्तरं काही सेकंदांत यावी लागतात, आणि एखादं आलं नाही तरी अर्ज अडकून पडता कामा नये.

आपल्या मराठी नावांची इथे फार ओढाताण होते. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, सोशल सिक्युरिटी कार्डावर फक्त पहिलं, आणि अर्जात मुलाने भरलेलं तिसरंच. माणूस एकच, पण यंत्राला तीन दिसतात. मग 'माहिती जुळत नाही' असं पत्र येतं आणि कागद पाठवायला साधारण ९० दिवस मिळतात. ते पत्र आई-बाबांनी जाहिरात समजून टाकून दिलं, की मदत किंवा विमा बंद पडतो. आई-बाबांचा अर्ज भरणाऱ्यांना एकच सांगणं आहे : नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा, आणि त्या नावाने आलेला प्रत्येक लिफाफा उघडा.

पुढचा भाग मदतीच्या हिशेबाचा. समजा एका घराचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० डॉलर आहे आणि त्यांनी त्यातले ८ टक्के विम्यावर खर्च करावेत असं कायद्याचं कोष्टक म्हणतं. म्हणजे महिन्याला ४०० डॉलर. त्यांच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन हा मापदंड. त्याचा हप्ता १,००० असेल तर मदत ६०० डॉलर. ही ६०० घेऊन ते कुठलाही धातू निवडू शकतात. ७५० डॉलरचा ब्राँझ घेतला तर खिशातून १५०, १,२०० चा गोल्ड घेतला तर ६००. ब्राँझ प्लॅन सरासरी खर्चाच्या सुमारे ६० टक्के उचलतो, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९०. कमी उत्पन्नाच्या लोकांना सिल्व्हरवर आणखी एक सवलत असते, तिने डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम, पार खाली येतं. स्वस्त दिसतो म्हणून ब्राँझ घेऊन ही सवलत गमावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती चूक साइटने आधीच हटकून थांबवायला हवी होती असं मला आजही वाटतं.

हे ६०,००० म्हणजे येत्या वर्षाचा अंदाज. केटरिंगवाल्याला जानेवारीत कसं कळणार की दिवाळीच्या हंगामात किती ऑर्डरी येतील? अंदाज चुकला तर रिटर्न भरताना हिशेब होतो. कमी घेतली असेल तर मदत परत मिळते, जास्त घेतली असेल तर फेडावी लागते. पूर्वी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी या परतफेडीला कमाल मर्यादा होती. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६च्या उत्पन्नापासून ती काढून टाकली. शिवाय कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, वाढवलेल्या मदतीची मुदतही २०२५च्या अखेरपर्यंतच होती. म्हणून वर्षाच्या मध्ये उत्पन्न बदललं की लगेच बाजाराला कळवणं आता पूर्वीपेक्षा फार गरजेचं झालं आहे.

तिसरा भाग कुणाच्या नजरेस पडत नाही, तो म्हणजे हस्तांतर. तुम्ही प्लॅन निवडलात की बाजार विमा कंपनीला '८३४' नावाची ठरावीक साच्याची फाइल पाठवतो. त्यात नाव, जन्मतारीख, विमा कधीपासून, मदत किती. पत्ता बदलला, बाळ झालं, घटस्फोट झाला, की पुन्हा फाइल. बाजाराच्या वहीत आणि कंपनीच्या वहीत फरक पडला तर माणसाला तो दवाखान्याच्या काउंटरवर कळतो, तेही अंगात ताप असताना. म्हणून दर महिन्याला दोन्ही वह्या ओळीन्‌ओळ ताडून बघायच्या असतात. या कंटाळवाण्या कामासाठी चांगली माणसं नेमली आहेत का, यावरून मी एखाद्या बाजाराची पारख करते.

केंद्राकडून स्वतःकडे येणाऱ्या राज्याला आणखी एक दिव्य असतं : आधीच विमा असलेल्या लाखो लोकांची खाती हलवणं. त्यांची माहिती केंद्राकडून येते, नवी साइट त्यांच्यासाठी खातं तयार ठेवते आणि ते ताब्यात घेण्यासाठी पत्राने कोड पाठवते. पेनसिल्व्हेनियाच्या बाजाराचं नाव 'पेनी'. तिथल्या माणसाला 'पेनी' नावाच्या कुणाचं तरी पत्र येतं आणि तो ते फसवणूक समजून फाडतो. हे टाळायला महिनोन्‌महिने आधीपासून चर्च, वाचनालयं, दवाखाने, वस्त्यांमधल्या संस्था, एजंट यांच्याकडून तेच नाव लोकांच्या कानावर पडत राहावं लागतं. माझा अनुभव असा की साइटवर खर्च करायला सगळे तयार असतात आणि फोन उचलणाऱ्या माणसांवर हात आखडता घेतात. १ नोव्हेंबरला हंगाम उघडतो तेव्हा बहुतेक फोन प्लॅनबद्दल नसतात. पासवर्ड, कोड आणि 'हे पत्र खरं आहे ना?' एवढंच लोक विचारतात. त्याला स्पॅनिशमध्ये, व्हिएतनामीमध्ये, आणि दुभाष्याच्या मदतीने मराठीतसुद्धा, न वैतागता उत्तर देणारं माणूस हवं.

२०२६ सालासाठी २० राज्यं आणि वॉशिंग्टन डी.सी. यांचे स्वतःच्या साइटसह पूर्ण बाजार आहेत. जॉर्जिया त्यात २०२५ साली आला, इलिनॉय २०२६ साली. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये कायदा बदलला की तो बदल केंद्राच्या एका प्रणालीत आणि या एकवीस ठिकाणी वेगवेगळा बसवायचा, वेगवेगळ्या चाचण्या करायच्या, आणि सगळ्यांना तारीख एकच. २०२५च्या त्याच कायद्यातला एक बदल १ जानेवारी २०२७ पासून लागू होतोय : हप्त्यातली मदत स्थलांतरितांपैकी मुख्यतः ग्रीन कार्डधारकांपुरतीच राहील. आमच्या यादीतल्या त्या आजीची मदत चालू राहते. पण तिच्याखालीच एक जोडपं होतं. नवरा एच-१बी वर, लहान कंपनीत, जिथे विमा मिळत नाही; बायको त्याच्यावर अवलंबून आणि पोटुशी. त्यांच्यासाठी बरोबर उत्तर इतकी वर्षं 'मदतीसह' होतं. आता त्या रकान्यात 'पूर्ण किमतीला' असं लिहावं लागेल, आणि कुठल्या तरी राज्यात कुणीतरी टेस्टर या वर्षी ते लिहीत असेल.